खेळताना ‘गाडी लागते’ तेव्हा...

कारधा (जि. भंडारा) : भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे निघालेली एसटी वैनगंगेवरील पूल ओलांडून कारध्यात शिरते. तेवढ्या अंतरातही मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या एखाद्या प्रवाशाला मळमळू लागते. चालक मात्र तीच वळणे आणि तेच धक्के सोसूनही ताजातवाना असतो. याला आपण ‘गाडी लागणे’ म्हणतो. परंतु घरी खुर्चीवर बसून व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलालाही हाच त्रास होऊ लागला, की घरची मंडळी गोंधळतात. पित्त, जागरण, डोळ्यांचा नंबर असे तर्क सुरू होतात. मित्र हसतील या भीतीने मुलगाही त्रास लपवून खेळत राहतो. वास्तविक हा नाजूकपणा नाही आणि नाटक तर नाहीच. कारण समजून घेतले, तर तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

डोळा आणि कानाचा बेबनाव

शरीराचा तोल राखण्यात आतल्या कानाचा मोठा वाटा असतो. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले, की त्यांतील द्रव हलतो आणि मेंदूला गतीची वर्दी मिळते. एसटीत मोबाइल पाहणाऱ्याच्या कानाला गती जाणवते, पण डोळ्यांपुढचा पडदा स्थिर असतो. गेममध्ये नेमके उलट घडते. डोळ्यांना आपण धावतो आहोत असे दिसते, कान मात्र आपण जागेवरच बसलो आहोत असे सांगतो. या विसंगतीतून मळमळ उद्भवते, अशी मांडणी जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी 1975 मधील आपल्या ग्रंथात केली. ती आजही सर्वाधिक मान्यता पावलेली आहे. इंद्रियांच्या अशा गोंधळाला मेंदू विषबाधेचे लक्षण समजतो आणि पोट रिकामे करू पाहतो, असा तर्क मिशेल ट्रीझमन यांनी 1977 मध्ये मांडला.

हा त्रास व्हिडिओ गेमपेक्षा जुना आहे. जमिनीवर बसवलेल्या हेलिकॉप्टर-प्रशिक्षण यंत्रात वैमानिकांना मळमळ होत असल्याची नोंद 1957 मधील आहे. पुढे 1992 मधील ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ आणि 1993 मधील ‘डूम’ या खेळांनी पात्राच्या डोळ्यांतून जग दाखवण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि त्रासाने घराघरांत प्रवेश केला.

कोणते खेळ अधिक बाधतात?

पात्राच्या नजरेतून दिसणारे आणि वेगाने वळणारे खेळ सर्वाधिक बाधतात. पात्र दुरून दिसत असेल आणि दृश्य फारसे गरगरत नसेल, तर त्रास कमी होतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ या दुसऱ्या प्रकारातला आहे. डोळ्यांना चष्म्यासारखे यंत्र लावून खेळण्याच्या आभासी वास्तवात त्रासाची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण तेथे नजरेला टेकायला खोलीची भिंतही उरत नाही. शेजारी बसून नुसते पाहणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा लवकर मळमळू शकते. गाडीतील चालक आणि प्रवासी यांच्यातला फरक येथेही लागू पडतो. मायग्रेन असणाऱ्यांनी अधिक जपावे.

काय करावे?

खेळाच्या सेटिंगमध्ये ‘मोशन ब्लर’, ‘कॅमेरा शेक’ आणि चालताना डोके हलल्याचा भास देणारा ‘हेड बॉब’ हे पर्याय असतील, तर ते बंद करावेत. ‘फील्ड ऑफ व्ह्यू’, म्हणजे दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, संगणकावर थोडी वाढवून पाहावी. 90 ते 100 अंश अनेकांना मानवतात. दृश्य अडखळत असेल, तर चित्राचा दर्जा उतरवावा, पण सेकंदाला 60 चित्रे मिळतील असे पाहावे. वळण्याचा वेग कमी ठेवावा.

खोलीत दिवा लावावा आणि पडद्यापासून अंतर राखावे, म्हणजे आजूबाजूच्या स्थिर वस्तू नजरेत राहतात. पडद्याच्या मध्यभागी स्थिर खूण असली, तर तिच्यावर नजर ठेवावी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये याच तत्त्वावर आभासी दृश्यात एक नाक दाखवले, तेव्हा खेळाडूंना अधिक वेळ तग धरता आला.

अगदी रिकाम्या किंवा तुडुंब भरलेल्या पोटी खेळू नये. पंख्याचा वारा घ्यावा. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. चालत्या गाडीत खेळणे मात्र टाळावेच.

सहन करत राहू नये

तोंडाला पाणी सुटणे, गार घाम, जांभया, डोके जड होणे ही पहिली लक्षणे आहेत. ती दिसताच खेळ थांबवावा. त्रास सोसून रेटल्याने सवय होते, हा गैरसमज आहे. उलट पुढच्या वेळी मळमळ लवकर सुरू होऊ शकते. सवय लावायचीच असेल, तर पाच-दहा मिनिटांपासून आरंभ करून त्रासाच्या आत थांबावे आणि काही दिवसांत वेळ वाढवत न्यावी. गरगरत असताना दुचाकी चालवू नये. आभासी वास्तवाचा खेळ झाल्यावर तर थोडा वेळ जाऊ द्यावा.

प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी झोप येते. खेळण्यासाठी त्या मुलांना देऊ नयेत. खेळत नसतानाही चक्कर येणे, ऐकू कमी येणे, कानात आवाज येणे किंवा एकाची दोन दिसणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटके आल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

मुलाने मळमळीची तक्रार केली, तर पालकांनी आधी तिच्यावर विश्वास ठेवावा. खेळ बंद करून खिडकीबाहेर दूरवर पाहायला सांगावे. एसटीत गाडी लागणाऱ्या प्रवाशालाही मोबाइल खिशात ठेवून पुलावरून वैनगंगेच्या पैलतीराकडे पाहण्याचाच सल्ला द्यावा लागेल.