असईचा आड

२२ सप्टेंबर १८०३ ची संध्याकाळ. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातल्या असई गावात तुम्ही उभे आहात. काळी माती वहाणांना लगडलीय. शिंद्यांची छावणी भोकरदनपासून इथवर पसरलीय, घोड्यांचं खिंकाळणं ऐकू येतं. माळवदाच्या घरांना कड्या लागलेल्या.

तुम्ही आलात ते बेडूक शोधायला. हसायचं ते हसा.

आडाशी कान द्या. डबक्यातल्या डराव-डरावीतून एक आवाज बाजूला काढा: टक्, टक्-टक्-टक्, सुक्या लाकडावर टिचकी मारावी तसा. तो खालून येत नाही, डोक्याच्या उंचीवरून येतो. विजेरी आणली असेल तर हाताआड धरा. पहारेकऱ्यांना काय सांगणार?

आवाजाच्या जवळच ती बघा, मातीच्या भिंतीला पाय दुमडून चिकटलीय. मादीच असावी, तीन इंचांच्या आसपास. नर लहान असतो. रंगावर जाऊ नका. दिवसा फिक्कट, रात्री तपकिरी, ती रंग बदलते. बोटं बघा. टोकाला गोल चकत्या आहेत. भिंती चढणारा दुसरा एक बेडूक आहे, गोलमटोल अंगाचा, त्यावरून पुष्कळजण फसतात. पण त्याच्या बोटांची टोकं तिकोनी.

आता वर, आडावर ओणवलेल्या उंबराच्या फांदीकडे पाहा. मुठीएवढा फेस. मादीनं मागच्या पायांनी घुसळून त्यात अंडी ठेवलीत. वरून सुकून तो कडक झालाय, आत ओल आहे. पिल्लं सुटली की सरळ पाण्यात पडतील. म्हणून हा बेडूक हवा असेल तर पाण्यावर ओणवलेलं काहीतरी शोधायचं: फांदी, हौदाची भिंत, आडाचा काठ.

उद्या शिंद्यांशी लढायला येणारा इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली असाच हिशेब करणार आहे. वाटाडे म्हणतील, केळणेला उतार नाही. त्याला दुर्बिणीतून समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड दिसतील. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसलीत, म्हणजे मधे उतार असणारच. आणि असतो.

बोट पुढे करा. तिनं उडी मारली! मांडीच्या मागचे पिवळे गोल ठिपके दिसले? तीच खरी खूण. बसलेली असताना ते झाकलेले असतात. अजून तिला शास्त्रीय नाव नाही. १८३० मध्ये लंडनचा जॉन एडवर्ड ग्रे ते देईल, ‘मॅक्युलाटा’, म्हणजे ठिपकेवाली. पुढे गोरे लोक तिला ‘चुनाम फ्रॉग’ म्हणतील, चुन्याच्या भिंतींवर बसते म्हणून.

ती पुन्हा भिंतीवर चढतेय. तुम्ही निघा. उद्या दुपारी याच भिंतींआडून तोफा सुटणार आहेत.