ओझे झालेली वाहने

पाताळगंगेच्या मुखापासून कुंडलिकेच्या मुखापर्यंत पसरलेल्या, पूर्वी कुलाबा आणि १९८१पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील या पट्ट्याच्या दळणवळणाचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा रस्ते कोणी बांधले, पूल केव्हा झाले आणि लोहमार्ग कोठवर येऊन थांबला यांचीच जंत्री देतो. आणि ती जंत्री आपल्या परीने आवश्यक असली, तरी या प्रदेशातील प्रवासाचे जे खरे वैशिष्ट्य, की येथे ओझे वाहून नेणारे वाहन वाटेत कोठे ना कोठे स्वतःच दुसऱ्या वाहनाचे ओझे होते, ते तिच्यातून निसटून जाते. हमरापूर हे पेण तालुक्यातील गाव या पट्ट्याच्या उत्तर अंगास आहे आणि रोहा तालुक्यातील कोलाड दक्षिण अंगास. या दोन गावांच्या दरम्यान गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत गाडीवर गाडी चढविण्याचे जितके प्रकार घडले, तितके पठारावरच्या सलग रस्त्याच्या मुलखात घडण्याचे कारणच नव्हते.

कारण या भूमीच्या रचनेत आहे. सह्याद्रीच्या उतारावरून निघालेल्या पाताळगंगा, बाळगंगा, भोगावती, अंबा आणि कुंडलिका या नद्या काही कोसांतच खाऱ्या पाण्याला मिळतात आणि त्यांच्या खाड्या भरतीच्या वेळी इतक्या आत शिरतात की पेणसारखे देशावरच्या वाटेवरील गाव अंतोरा या धक्क्यामुळे बंदराचे गावही ठरले. भात आणि मीठ हे पेणच्या व्यापाराचे दोन आधार. हा माल शेतातून व मिठागरातून गाडीने बंदरावर येई, तेथून मचव्यात चढे आणि ओहोटीचे पाणी साधून मुंबईकडे जाई. ज्याला खाडी ओलांडून पलीकडच्या गावी जावयाचे असे त्याची गाडी मात्र तरीत चढवावी लागे. बैल सोडावयाचे, जू उतरवावयाचे, फळ्या टाकून गाडी हातांनी वर ढकलावयाची, चाकांना दोन्हीकडून उटी लावावयाची आणि धुरा दोराने तरीच्या आडव्या लाकडाशी जखडावयाची, हा क्रम खलाशांच्या अंगवळणी पडलेला असे. १८६८ साली मुंबई सरकारने तरींविषयी स्वतंत्र कायदा केला. तरीचे दर सरकारने ठरवावे, मक्ता लिलावाने द्यावा आणि मक्तेदाराने त्या दराबाहेर वसुली करू नये, अशी व्यवस्था त्याने घातली. माणूस, जनावर आणि गाडी यांचे दर निरनिराळे असत. जी गाडी काठावर असेतोवर मालकाचे वाहन असे, ती फळीवर चढताच दरपत्रकातील एक ओझे होई, आणि तिचा सांभाळ काही काळ परक्या हाती जाई.

हा परका हात या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाण्याची जी जागा, तेथे प्रवासी नेहमी परावलंबी असतो. धरमतरचा धक्का ही अशीच एक जागा होती. मुंबईहून आगबोटीने धरमतरास उतरावे आणि तेथून प्रारंभी बैलगाडीने व नंतर मोटारीने नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाडकडे जावे, हा दक्षिण कुलाब्याचा प्रचलित मार्ग होता. १९२७च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेस निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मार्ग सोडून ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरावरून दासगावास जाणे पसंत केले. धरमतरच्या मोटारमालकांनी बहिष्कार घातला तर पुढे जाण्याचा उपाय उरणार नाही, दासगावाहून मात्र महाड केवळ पाच मैल, म्हणजे पायी गाठता येण्याजोगे, हा त्यामागील विचार होता. धक्क्यावर ज्याची गाडी उभी, त्याच्या मर्जीवर कोणी पुढे जावयाचे आणि कोणी नाही हे अवलंबून असे. दळणवळणाच्या इतिहासात ही गोष्ट पुलांच्या तारखांपेक्षा अधिक ठळकपणे नोंदली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सायकल या प्रदेशात आली तेव्हा तिने हे परावलंबन पुष्कळ अंशी कमी केले. ती खांद्यावर घेता येते, होडीत आडवी टाकता येते, बांधावरून हाताने नेता येते, आणि पलीकडच्या काठावर उतरताच कोणाची वाट न पाहता माणूस तिच्यावर बसून चालू लागतो. तथापि लांबच्या पल्ल्याला तिलाही ओझे व्हावे लागले, आणि हे ओझे वाहिले मुख्यतः एस. टी.ने. १९४८च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्यानंतर कोकणात जी एस. टी. पोहोचली तिच्या पाठीला लोखंडी शिडी आणि डोक्यावर कठड्याचा टप असे, आणि त्या टपावर वळकट्या, ट्रंका, भाज्यांचे हारे व आंब्यांच्या पेट्या यांच्या बरोबरीने सायकलीही प्रवास करीत. कंडक्टर लगेजचे तिकीट फाडी, हमाल शिडीवर चढे आणि खालून मालक सायकल उचलून देई. ती नुसती ठेवून चालत नसे. आधी हँडल सैल करून चाकाच्या रेषेत वळवावयाचे, म्हणजे रुंदी कमी होते. साखळीची बाजू वर ठेवावयाची, म्हणजे शेजारच्या वळकटीला तेल लागत नाही. खालचे पेडल कठड्याच्या गजाबाहेर येईल अशी सायकल सरकवावयाची, म्हणजे ते दुसऱ्याच्या मालात घुसत नाही. मग काथ्याचा दोर सांगाड्याच्या तिकोनातून काढून कठड्याला दोन ठिकाणी आवळावयाचा. एकाच ठिकाणी बांधलेली सायकल घाटाच्या प्रत्येक वळणावर त्या गाठीभोवती फिरते आणि उतरविताना तिच्या चाकाचे आरे वाकलेले निघतात, हे ज्ञान कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हते. ते हमालांच्या हातांत होते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. पुढे बिनशिडीच्या, बिनटपाच्या गाड्या आल्या आणि हे ज्ञान वापरण्याची जागाच नाहीशी झाली.

लोहमार्ग या पट्ट्यात फार उशिरा आला. पनवेल-आपटा मार्ग पुढे रोह्यापर्यंत १९८६ साली पोहोचला आणि त्यावर जिते व पेण यांच्या मध्ये हमरापूर हे स्थानक झाले. त्यानंतर रोह्यापुढे कोकण रेल्वे बांधली गेली व १९९८ साली ती संपूर्ण वाहतुकीस खुली झाली. तिचे रोह्यानंतरचे पहिले स्थानक कोलाड, आणि त्या स्थानकाला आपल्या विषयाच्या इतिहासात विशेष मान आहे, कारण १९९९ साली मालाने भरलेले ट्रक जसेच्या तसे रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्यातील वेर्ण्यास नेण्याची ‘रो-रो’ सेवा येथून सुरू झाली. वाघिणींच्या रांगेच्या एका टोकाशी उतार बांधलेला असतो. ट्रक त्यावरून चढतात आणि एका वाघिणीवरून दुसरीवर असे पुढे पुढे सरकत आपापल्या जागी जाऊन उभे राहतात. चाकांना अडसर लागतो, साखळ्या आवळल्या जातात, बोगद्यांच्या कमानीखालून जावयाचे असल्याने भरलेल्या मालाची उंची मोजली जाते. ड्रायव्हर आणि क्लीनर आपल्या केबिनमध्येच बसून, ज्या घाटातून त्यांना एरवी रात्रभर गाडी हाकावी लागली असती तो घाट इंजिनाच्या ओढीने पार करतात. धरमतरच्या खाडीतील तर आणि कोलाडची वाघीण यांत लोखंड आणि लाकूड एवढाच भेद आहे. उटी तीच, जखडणे तेच, आणि वाहनाने काही काळ वाहनपण सोडणेही तेच.

हमरापूरला मी या लेखात अग्रस्थान दिले त्याचे कारण मात्र स्थानक नव्हे. पेणची गणेशमूर्तींची कला शतकाहून जुनी आहे, आणि तिचा विस्तार हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत असा झाला की आज तेथे घरोघरी कारखाना आहे. या गावांतून रंगविलेल्या मूर्ती तर जातातच. पण न रंगविलेल्या कच्च्या मूर्तीही फार मोठ्या संख्येने मुंबई, पुणे आणि परराज्यांकडे जातात, आणि मग डोळ्यांची आखणी त्या त्या गावचे कारागीर करतात. मूर्ती घडविणे ही या धंद्याची अर्धी बाजू झाली. ती न मोडता पोहोचविणे ही दुसरी, आणि तिच्याविषयी कोणी सहसा लिहीत नाही. टेंपोच्या तळाला भाताचा पेंढा जाड अंथरला जातो. मोठ्या मूर्ती आधी केबिनच्या पाठीशी, तोंडे एका बाजूस करून बसवितात. लहान मूर्तींसाठी फळ्यांचे मजले करतात. हात, सोंड आणि कान ही मूर्तीची नाजूक स्थळे असल्याने दोन मूर्तींतील पेंढा नेमका त्या ठिकाणी दाबला जातो, आणि दोर मूर्तीच्या अंगावरून कधीच जात नाही, तो पाटाला व फळीला बांधला जातो. भरणारा माणूस शेवटी आपला तळहात एकेका मूर्तीच्या मुकुटावर ठेवून ती किंचित हलवून पाहतो. जी हलते तिच्या खाली आणखी पेंढा जातो. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ, प्लास्टरची हलकी. म्हणून दोहोंची भरण वेगळी, हेही त्याला ठाऊक असते. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा टप्पा रुंद करण्याचे काम २०११मध्ये हाती घेतले गेले, आणि तेव्हापासून कित्येक पावसाळे या रस्त्याने खड्ड्यांत काढले. त्या खड्ड्यांतून भाद्रपदाच्या आधी शेकडो टेंपो सुखरूप गेले याचे श्रेय रस्त्याला मुळीच नाही. ते पेंढा दाबणाऱ्या हाताला आहे.

आता परदेशात या विषयाचे जे रूप आहे त्याकडे वळू. अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे बसएवढे फिरते घर घेऊन महिनोन्‌महिने प्रवास करतात; त्या घरामागे पोलादी दांड्याने लहान मोटार जोडलेली असते, आणि सायकली कोठे बांधाव्या हा त्यांच्यापुढील खरोखरीचा पेच असतो. घराच्या पाठीवर, म्हणजे घर व मोटार यांच्या मधोमध त्या बांधाव्या, तर अरुंद वळणावर सायकलीचे हँडल मागच्या मोटारीच्या तोंडावर घासते; शिवाय चाकांच्या मागे लांबवर निघालेल्या त्या भागाला सर्वांत जास्त हेलकावे बसतात, आणि जोडदांड्यावर जितके वजन चालते त्यातील काही भाग सायकलींत खर्ची पडतो. मोटारीच्या टपावर बांधाव्या तर उंची वाढते, आणि पुलाच्या कमानीखाली तिचे भान सुटले की सायकल व टप दोन्ही जातात. म्हणून जाणते लोक त्या मोटारीच्या पाठीशी बांधतात व घराच्या मागे कॅमेरा लावून त्यांच्यावर नजर ठेवतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तथापि फिरत्या घरामागे मोटार आणि मोटारीमागे सायकल अशी तिहेरी मिरवणूक आमच्या घाटांतून निघेल असे मला वाटत नाही, आणि वळणे व रस्त्यांची रुंदी पाहता ती निघू नये हेच बरे.

आमच्याकडे हे तिहेरी ओझे दुसऱ्याच मार्गाने आले आहे. २०२०च्या मार्चमध्ये मुंबईचा भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. सुमारे तासाभरात ती खाडीपार करते. मुंबईचे सायकलप्रेमी आपल्या मोटारीच्या पाठीला सायकली बांधून ती मोटार बोटीत चढवितात, म्हणजे बोटीच्या अंगावर मोटार आणि मोटारीच्या अंगावर सायकल. मांडव्यास उतरून पोयनाड, वडखळवरून पेणकडे येता येते. तरीच्या फळीवर बैलगाडी चढविणाऱ्या खलाशाला यातले काहीही अपरिचित वाटले नसते. पण एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी बांधणारा हात वाहकाचा असे आणि दोर सुटला तर जबाब त्याला द्यावा लागे. आज मोटार मालकच चढवितो, सायकलही मालकच बांधतो, तीही पुष्कळदा दुकानातून आणलेल्या पट्ट्याने आणि कोणी न शिकविता. लाटेचा हेलकावा आणि खड्ड्याचा धक्का हे दोन निरनिराळे प्रकार आहेत: एक बाजूने ओढतो, दुसरा खालून उचलतो. दोन्हींसाठी बांधण्याचे शहाणपण शिडीवरच्या हमालाला होते, ते आता प्रत्येकाने नव्याने मिळवावयाचे आहे.

२०२५च्या गणेशोत्सवाआधी, २३ ऑगस्टपासून, कोकण रेल्वेने कोलाडहून खासगी मोटारींसाठीही रो-रो सुरू केली. वीस वाघिणी, प्रत्येकीवर दोन, अशा चाळीस मोटारी एका फेरीत. वेर्ण्यापर्यंतचे भाडे ७,८७५ रुपये होते. माणसे त्याच गाडीला जोडलेल्या डब्यांत. फेरी निघण्यास किमान सोळा मोटारी लागत, आणि प्रारंभी तितक्याही जमणे कठीण गेले. यावरून ही कल्पना फसली असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. चाकरमान्याला मुंबईपासून कोलाडपर्यंत मोटार आपणच हाकावी लागत असेल, तर प्रवासाचा सर्वांत त्रासाचा टप्पा, म्हणजे पनवेल, हमरापूर, पेण, नागोठणे हाच, त्याच्या वाट्याला राहतो. वाघीण जेथून सुटते ती जागा चुकली आहे, कल्पना नव्हे. मोटारी चढविण्याचा उतार पनवेलच्या आसपास झाला, तर या सेवेचे भवितव्य निराळे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाद्रपदाच्या तोंडावर सहकुटुंब हमरापूर-जोह्यास मूर्ती पाहावयास व घ्यावयास येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील काहींच्या मोटारींच्या पाठीला सायकलीही असतील. त्यांना एवढीच विनंती की मूर्ती मोटारीत स्वतः ठेवण्याचा आग्रह धरू नये. कारखान्यातील जो माणूस रोज टेंपो भरतो त्याला बोलवावे, पेंढा कोठे आणि किती दाबतो ते उभे राहून पाहावे, मागची सायकलही त्याच्याकडून एकदा तपासून घ्यावी. आणि मूर्तीची किंमत विचारताना बांधणावळ किती हेही विचारून ती वेगळी, त्या बांधणाऱ्याच्याच हाती द्यावी.