काळजातून निघालेलं औषध

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत हाती पडतं, आणि ‘काळीज फाटलं’ म्हणताना हात छातीवर जातो. मराठीतला हा घोळ हेपरिन या औषधाच्या जन्मकथेत चपखल बसतो. 1916 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राण्यांच्या हृदयातून आणि यकृतातून रक्त गोठवणारं काहीतरी काढायच्या खटपटीत होता. सापडलं उलटंच. मांजराच्या रक्तात यकृताचा अर्क ढवळून त्याने ते भांडं आपले प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या टेबलावर ठेवलं आणि गोठलं की सांगा म्हणाला. ते काही गोठलं नाही. ग्रीकमध्ये यकृत म्हणजे ‘हेपार’. त्यावरून 1918 मध्ये हॉवेलनी नाव ठेवलं. पुढे टोरांटोत, इन्सुलिनवाल्या चार्ल्स बेस्टच्या देखरेखीखाली, ते माणसाला टोचण्याइतकं शुद्ध झालं. आज ते बहुतेक डुकराच्या आतड्यातून काढतात. नाव तेवढं यकृताचं राहिलं.

नांदेड-लातूरच्या वॉर्डाला मात्र 1975 साल जास्त जवळचं. तोवर हेपरिन म्हणजे मोठी मात्रा आणि पुन्हापुन्हा रक्ततपासणी. रात्री दोनला लॅब उघडी असेल तर. लंडनमधले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांनी लहान मात्रा आजमावली : शस्त्रक्रियेआधी दोन तास 5000 युनिट, मग दर आठ तासांनी, सात दिवस. 4121 रुग्णांच्या त्या चाचणीत फुफ्फुसात गुठळी अडकून हेपरिन न घेतलेल्यांपैकी 16 जण गेले, घेतलेल्यांपैकी 2. जखमेत रक्त साकळण्याचा त्रास थोडा वाढला, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पण दर डोसामागे लॅबचं तोंड बघणं संपलं, आणि माझ्या मते हाच त्यातला मोठा शोध.

किनवटहून नांदेडला किंवा देवणीहून लातूरला खुबा मोडलेली आजी येते आणि ऑपरेशनचा नंबर लागेतो पडून असते. पोटरीत रक्त साकळतं ते याच दिवसांत. हेपरिनच्या 5 मिलिलिटरच्या एका बाटलीत 25,000 युनिट, म्हणजे पाच डोस. सिस्टर पोटाच्या कातडीची चिमूट धरून सुई घालते, काढल्यावर तिथे चोळू देत नाही. उशाशी बसलेल्या लेकीला ते पटत नाही. ती तेलाची बाटली काढून आईच्या सुजलेल्या पोटरीकडे वळते.

“चोळू नको माय, गाठ सुटंल,” सिस्टर तिचा हात धरते. “डॉक्टरला बोलावते, त्यांना दाखवू आधी. आणि तो दुसरा पाय हाय ना, चांगला, त्याचा घोटा हलवत राहा म्हण आजीला.”