शोधण्याची विद्या

विद्यार्थ्यास काय शिकवावें याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यानें आपल्याला हवें तें कसें शोधून काढावें, हेंहि त्यास शिकवावें लागतें, याचा विचार फार थोड्यांनीं केला. ग्रंथालयाचें दार उघडें ठेवलें, कीं विद्यार्थी आपोआप वाट काढील, अशी आम्हां अध्यापकांची समजूत असते. आतां इंटरनेटच्या योगानें ग्रंथालयच त्याच्या खिशांत आल्यामुळें ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केलें. साक्षर झालेल्या मनुष्यास पुढें वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर शिकलेलें तो विसरून जातो. म्हणून १९१० सालीं त्यांनीं विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतलें, आणि १९११ सालीं बडोद्यास ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला. हिंदुस्थानांतील या प्रकारचा हा पहिला वर्ग. गांवोगांव वाचनालयें झालीं, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरूं लागल्या. तथापि शिक्षण मिळालें तें ग्रंथपालास, वाचकास नव्हे. वाचकानें विचारावें आणि जाणत्यानें काढून द्यावें, अशी ती व्यवस्था होती. आणि त्या काळास ती योग्यहि होती.

पुढचें पाऊल मद्रासेस पडलें. तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं व १९३३ सालीं आपली द्विबिंदु वर्गीकरणपद्धति पुढें मांडली. वाचकाचा वेळ वांचविणें हें त्यांच्या सूत्रांपैकीं एक. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी शिकवण: नव्यानें आलेल्या वाचकास ग्रंथालयाची दीक्षा देणें हें ग्रंथपालाचें कर्तव्यच होय, असें त्यांनीं मानलें.

ही दीक्षा अभ्यासक्रमांत येण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीजवळ महात्मा फुले यांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९६८ सालची. अशा कृषि विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांकरितां भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अभ्यासक्रमांत २००९ च्या सुमारास ‘ग्रंथालय व माहितीसेवा’ हा विषय आवश्यक म्हणून घालण्यांत आला. त्याचें परिमाण ‘०+१’ असें लिहितात. म्हणजे व्याख्यान शून्य, प्रात्यक्षिक एक. या दोन आंकड्यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. ग्रंथांचें वर्गीकरण कसें असतें, मूळ निबंध कोणता आणि त्याचा नुसता सारांश कोणता, संदर्भाची नोंद कशी करावी, इंटरनेटवर शोध कसा घ्यावा, या गोष्टी ऐकून येत नाहींत, करूनच येतात. परंतु ज्या विषयाचे गुण सरासरींत धरले जात नाहींत, त्याकडे विद्यार्थ्यांचें लक्ष किती असावयाचें, हें सांगावयास नको.

हें दुर्लक्ष किती महाग पडतें, याचें एक उदाहरण देतों. डाळिंबावर ‘तेल्या’ नांवाचा रोग पडतो. फळावर तेलकट डाग उठतात, फळ तडकतें, आणि हातीं आलेला बहार जातो. ‘तेल्या’ हा शब्द घालून इंटरनेटवर शोध घेणाऱ्यास वर्तमानपत्रांतील लेख व औषधांच्या जाहिराती सांपडतील. शास्त्रीय निबंध बहुधा सांपडणार नाहींत, कारण इंग्रजींत त्यास ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ म्हणतात. बरें, तेवढ्यानेंहि भागत नाहीं. या रोगाची आपल्या देशांतील नोंद १९५२ सालची आहे. त्याच्या जिवाणूस १९५९ सालीं ‘झॅन्थोमोनास प्युनिकी’ हें नांव मिळालें. पुढें वर्गीकरण बदलत गेलें, तसा तो प्रथम ‘कॅम्पेस्ट्रिस’, मग ‘अ‍ॅक्झोनोपोडिस’ आणि अलीकडे ‘सिट्री’ या जातींत घालण्यांत आला. रोग एक, नांवें चार! जो विद्यार्थी आजचें एकच नांव घेऊन शोधूं लागतो, त्याच्या लेखीं मागच्या पिढ्यांचें काम झालेंच नाहीं असें होतें. परंतु या सर्व स्थित्यंतरांत ‘प्युनिकी’ हें उपपद तेवढें कायम राहिलें आहे. ज्यास शोधण्याचें शिक्षण मिळालें आहे, तो हाच धागा धरून चारहि नांवांपर्यंत पोंचतो. डाळिंबाच्या वाणाचीहि तीच कथा: ‘भगवा’, ‘शेंदरी’, ‘अष्टगंधा’, ‘मस्तानी’ हीं एकाच फळाचीं नांवें म्हणून बाजारांत चालतात. जुन्या पत्रसूचींत अशा ठिकाणीं ‘अमुक पहा’ असें एक कार्ड लावलेलें असे. तें कार्ड लिहिणारा ग्रंथपाल आतां वाचकाच्या शेजारीं नाहीं. म्हणून तें कार्ड वाचकाच्या मनांतच तयार असलें पाहिजे.

साधनांची वाण आहे असें मुळींच नाहीं. २००७ सालीं ‘सेरा’ ही सामायिक योजना निघाल्यापासून देशोदेशींचीं कृषिविषयक नियतकालिकें आपल्या कृषि विद्यापीठांस संगणकावर मिळूं लागलीं. ‘कृषिकोश’ या संग्रहांत निरनिराळ्या विद्यापीठांचे प्रबंधहि पाहावयास सांपडतात. पूर्वीं एका निबंधाच्या प्रतीकरितां पत्र धाडून वाट पाहावी लागे. आतां अडचण उलट झाली आहे. हजार उत्तरें समोर येतात आणि विद्यार्थी पहिल्या दहांपाशीं थांबतो. त्यांत आतां संगणक प्रश्नाचें उत्तरहि स्वतः लिहून देऊं लागला आहे; आणि तें देतांना कोणीं कधींच न लिहिलेल्या निबंधाचा संदर्भ तो बिनदिक्कत जोडून देतो, असेंहि घडतें. मूळ निबंध उघडून पाहण्याची संवय ज्यास लागलेली नाहीं, त्यास ही लबाडी कशी कळावी?

या बाबतींत विद्यार्थ्यांस दोष देण्यापूर्वीं आम्हीं आपल्याकडे पाहिलें पाहिजे. ‘ग्रंथालयांत जाऊन पाहा’ एवढें सांगून आम्ही वर्षानुवर्षें मोकळे होत आलों. त्याच्या शेजारीं बसून, एक प्रश्न घेऊन, तो कोणकोणत्या शब्दांनीं विचारतां येईल हें दाखविण्यास लागणारा एक तास आम्हीं क्वचितच दिला.

ज्या महात्म्याचें नांव राहुरीच्या विद्यापीठास दिलें आहे, त्यानें १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या अज्ञानाचा व दैन्याचा संबंध दाखवून दिला. आज कुणब्यास सल्ला देणारे पदवीधर पुष्कळ आहेत. पण तो सल्ला पुऱ्या शोधांतून आला कीं अर्ध्या, हें कुणब्यास कळण्याचा मार्ग नाहीं. त्यास कळतें तें एवढेंच, कीं सांगितलेलें औषध मारलें आणि तरी बाग गेली.