व्यक्तिनाम : निवड व लेखन (नांदेड–लातूर परिसर)

मराठवाड्याच्या आग्नेय भागातील नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत अपत्याचे नाव ठरविण्याच्या, ते हाक मारताना वापरण्याच्या आणि दप्तरी दाखल करण्याच्या रीतींचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्यांपैकी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा निघाला. पूर्वेस तेलुगू, दक्षिणेस कानडी, घरात मराठी आणि कचेरीत उर्दू अशा चतुःसीमेत वाढलेल्या माणसाचे नाव पाळण्यात एक, अंगणात दुसरे आणि कागदावर तिसरे असावे, यात येथील लोकांना कधी नवल वाटले नाही.

शास्त्राधार : नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक होय. पारस्करगृह्यसूत्राने मुलाचे नाव दोन वा चार अक्षरांचे, आरंभी घोषवर्ण व मध्ये अंतःस्थ वर्ण असलेले, आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असे सांगितले आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांच्या ‘धर्मसिंधू’ या अठराव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम व व्यवहारनाम असा चतुर्विध भेद येतो. प्रस्तुत परिसरातील गावोगावच्या याद्या पाहिल्यास सूत्रकारांचा हा आग्रह भटजींच्या पोथीपुरताच उरला असे म्हणावे लागते. केरबा हे नाव तीन अक्षरांचे असून अघोष वर्णाने सुरू होते, म्हणजे एकाच वेळी दोन नियम मोडते, आणि तरीही अनेक पिढ्या सुखेनैव नांदत आले आहे.

नक्षत्रनाम मात्र टिकले. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून १०८ अक्षरांचे जे अवकहडा चक्र पंचांगात छापलेले असते, त्यावरून जन्मचरणाचे अक्षर काढून त्यावर ठेवलेल्या नावास ‘नावरस नाव’ म्हणतात, आणि ते बहुधा पत्रिकेपुरते व विवाहप्रसंगी गुणमेलनापुरते उपयोगात येते. या चक्रातील आर्द्रेच्या तिसऱ्या चरणास ङ, हस्ताच्या तिसऱ्या चरणास ण आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणास ञ हे अक्षर नेमलेले असल्यामुळे, आणि या अक्षरांनी आरंभ होणारे नाव कोणत्याही मनुष्याचे असणे संभवत नसल्यामुळे, जोतिषी अनुक्रमे ग, ड आणि ज ही अक्षरे देऊन मार्ग काढतात. शास्त्रानेच तशी मुभा ठेवलेली आहे.

लोकविधी : जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते अशा समजुतीने तिच्या पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवतात, म्हणजे नाव ठरण्याच्या आधीच लेखनसाहित्य घरात मांडले जाते. बाराव्या दिवशी बारसे. बायका जमल्यावर वरवंट्याला कुंची घालून तो आधी पाळण्यात निजवितात, मग गोविंद-गोपाळांची नावे घेत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकीच्या हातून दुसरीच्या हाती देतात, आणि आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. ते सांगून होताच भोवतालच्या बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. त्यानंतर घुगऱ्या वाटतात. या विधीत पुरुषांना काम नाही आणि कागदालाही नाही. नावाचा पहिला उच्चार येथे होतो, परंतु त्याची नोंद कोठेच होत नाही.

नावांचे उगम : गोदावरीस या भागात गंगाच म्हणतात, त्यामुळे नांदेडकडे गंगाधर, गंगाराम, गंगाबाई ही नावे विपुल आहेत. मांजरेने मात्र कोणास नाव दिल्याचे सहसा आढळत नाही. माहूरच्या रेणुका, दत्त व अनसूया या स्थानांमुळे रेणुका, दत्तात्रय, दत्तराव, अनुसया; लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबामुळे खंडेराव, खंडू, मल्हारी; लातूरच्या ग्रामदैवतामुळे सिद्धेश्वर, सिद्राम; आणि तिरुपतीच्या वारीमुळे बालाजी व व्यंकट, जी नावे या दोन जिल्ह्यांत इतकी दाट आहेत की एका वर्गात दोन-तीन बालाजी असणे नवलाचे नाही. वारकरी घरांतून ज्ञानोबा, निवृत्ती, सोपान, मुक्ता. लिंगायत घरांतून बसवराज, शिवलिंग, वीरभद्र आणि विशेषतः मन्मथ. हे शेवटचे नाव लिंगायत संत मन्मथस्वामींमुळे रूढ झाले असून त्याचा कामदेवाशी संबंध जोडणारा परगावचा वाचक फसतो. पिराच्या नवसाने झालेल्या मुलास पिराजी, फकीरा, फकीरराव ही नावे हिंदू घरांतही ठेवीत. मालोजी भोसल्यांनी शाहशरीफ या पिराच्या नावावरून पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवल्याची जी परंपरा सांगितली जाते, तिची आठवण येथे येणे साहजिक आहे.

मुले जगत नसल्यास दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडिबा, केरबा, भिकाजी अशी हलकी नावे ठेवण्याचा प्रघात होता, आणि त्यांना पुढे प्रतिष्ठेचे प्रत्यय लागून दगडोजीराव, धोंडोपंत अशी भारदस्त रूपेही सिद्ध झाली. मुलींच्या बाबतीत याच्या उलट हेतूने ‘नकोशी’ हे नाव ठेवले जाई. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावे शासकीय समारंभात बदलण्यात आली.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे बौद्ध कुटुंबांत रूढ झाली. आडनावांतील फेरबदलांविषयी मतभेद असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

शीख पद्धती : नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचे देहावसान झाले. येथील शीख कुटुंबांत गुरू ग्रंथसाहिब उघडून जो हुकमनामा निघेल त्याच्या आद्याक्षरावरून नाव ठरवितात, व त्यास पुरुषांसाठी सिंघ आणि स्त्रियांसाठी कौर जोडतात. मराठी कागदांत सिंह, सिंग, सिंघ ही तिन्ही रूपे एकाच कुटुंबात आढळतात.

मुस्लिम पद्धती : सातव्या दिवशी अकीका या विधीच्या वेळी नाव ठेवतात.

बंजारा, गोंड, कोलाम (किनवट–माहूर) : स्वतंत्र नोंद पाहावी.

आडनावे : गाववाचक ‘कर’ (देगलूरकर, उदगीरकर, विख्यात विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे आडनाव कुरुंदा गावावरून), तेलुगू शेजारामुळे देगलूर–बिलोली–धर्माबादकडे ‘वार’, आणि वतनामुळे देशमुख, देशपांडे, पाटील, इनामदार. वतन व गाव ही दोन्ही एकत्र धरण्याची रीत लातूरकडे विशेष असून शिवाजीराव पाटील निलंगेकर व शिवराज पाटील चाकूरकर ही तिची सुपरिचित उदाहरणे होत. संन्यासाश्रमात पूर्वनाम लोप पावते. व्यंकटेश खेडगीकर यांनी संन्यास घेतल्यावर स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले, व नांदेडच्या विद्यापीठास १९९४ साली लाभले ते हेच नाव.

लेखन व दप्तर : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचा कुलकर्णी मोडीत लिही, तहसिलीचा अहलकार उर्दूत लिही, आणि दोहोंमधून जाताना नावाचे जे होत असे ते दप्तर चाळणाऱ्याखेरीज इतरांच्या ध्यानात येत नाही. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळीत नाहीत, व आधी ओळ मारून तिच्याखाली बोरूने अक्षरे एकात एक गुंतवीत नेत असल्याने नाव कोठे संपले आणि बापाचे नाव कोठे सुरू झाले हे ओळखण्यास सराव लागतो. उर्दू लिपीत ण व ळ यांना स्वतंत्र वर्ण नाहीत, त्यामुळे काळे आणि काले एकच. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. घाईच्या शिकस्ता वळणात तर नुक्ते गाळले जातात. आणि नुक्ता गेला की नाना, बाबा व ताता या तीन नावांची आकृती तंतोतंत एकच उरते, गाफवरची एक रेघ राहून गेली की गोरे याचा कोरे होतो. वारसाच्या फेरफारात आजोबा नाना होता की बाबा, हा प्रश्न अशा वेळी केवळ कौटुंबिक राहत नाही.

नात्याचे चिन्हही दप्तरानेच ठरविले. उर्दू कागदात पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ (पुत्र), विवाहितेच्या नावापुढे ‘जौजे’ (पत्नी). मराठी कागदात अनुक्रमे ‘पि.’ (पिता) व ‘भ्र.’ (भ्रतार), म्हणजे ‘मारोती पि. गणपती’ किंवा ‘गंगाबाई भ्र. मारोती’. (या भागात मारुतीचे मारोती आणि हनुमंताचे हणमंत होते, आणि शुद्धलेखनाच्या नियमांनी ते दुरुस्त करू पाहणाऱ्या गुरुजींनी अनेकांच्या नशिबी शपथपत्रे आणली.) मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर ७ सप्टेंबर २०२३ रोजी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातील हेच उर्दू व मोडी कागद पुन्हा बाहेर निघाले, व ते वाचणाऱ्यांची वाण भासली. त्या नोंदींच्या अन्वयार्थाविषयी येथे काही म्हणण्याचे प्रयोजन नाही.

घरात सुनेने सासऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही असा दंडक असल्याने, आणि नातवास आजोबाचे नाव ठेवण्याची चाल असल्याने, त्या मुलास आई आबा, आप्पा, तात्या अशाच नावाने हाक मारी. शाळेत घालताना गुरुजींनी विचारले की तेच नाव दाखल-खारीज रजिस्टरात चढे. जन्मतारीख ठाऊक नसल्यास १ जून लिहीत. विवाहात वर तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, ते तांदूळ सारखे केले की पुसले जाते. परंतु शिधापत्रिकेवर ते नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, असा पेच पुष्कळ स्त्रियांच्या वाट्यास ‘उर्फ’ या शब्दासह आयुष्यभर राहतो.

अन्यत्र : लेखनाने नावावर सत्ता गाजविण्याचा प्रकार केवळ येथलाच नाही. कँटनी भाषकांत आडनाव आधी, मग बहुधा दोन चिन्हांचे नाव; त्यात एक चिन्ह पिढीदर्शक असू शकते, व निवडताना अर्थाबरोबर सूर, समोच्चारी अशुभ शब्द टाळणे आणि कित्येकदा रेघांची संख्याही पाहतात. हाँगकाँगात रोमन लेखनाची एकच सक्तीची पद्धत नसल्याने एकच चिन्ह दोन घराण्यांत दोन प्रकारे लिहिलेले आढळते.

सांप्रत कायदा : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, परंतु नाव नसतानाही जन्म नोंदविता येतो, ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून दाखल करता येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर, जे या दोन जिल्ह्यांस लातूर विभागीय मंडळाकडून मिळते, नाव रोमन लिपीत येते, आणि तेथे व्यंकटमध्ये व्हीनंतर वाय की ई, हा प्रश्न पंधराव्या वर्षी कायमचा सुटतो. उर्दूत गमावलेला ळ रोमनमध्येही परत मिळत नाही. काळे व काले पुन्हा एक होतात. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केला आहे. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लिहिण्याची प्रचलित रीत मात्र त्याच निर्णयाने चालू ठेवली.