गजी-लेझीमचा खेळ आणि तो सांभाळणारा सेवेकरी

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, सिमेंट, कळस व वर्गणी यांचा हिशेब प्रथम डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गावचे देऊळ केवळ दगडांनी उभे राहत नाही. देवापुढे वर्षानुवर्षे जो खेळ होतो, जो ढोल वाजतो, जी झांज झणाणते, तीही देवळाचीच एक भिंत होय. ही भिंत कोणी बांधली व कोणी पडू दिली नाही, याची नोंद सहसा कोठे सापडत नाही. जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी त्या सेवेकऱ्यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

वेळापूर हे प्राचीन गाव. येथील श्री अर्धनारी नटेश्वराचे हेमाडपंती मंदिर यादवकाळातील असून, देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव (इ. स. १२७१ ते १३११) याच्या काळातील मराठी शिलालेख या गावी आहेत. मराठी भाषेच्या अभ्यासकांना वेळापूरचे नाव ठाऊक आहे ते या लेखांमुळेच. अशा जुन्या लेखांची एक रीत असते. त्यांत राजाचे नाव येते, अधिकाऱ्याचे नाव येते, दानाचा उल्लेख येतो. मात्र त्या काळी देवापुढे ढोल कोणी वाजविला, कोण नाचले, पोरांना पावले कोणी शिकविली, हे कोणत्याही दगडावर लिहिलेले नसते. ज्या देवाच्या नावातच नट हा शब्द आहे, त्याच्या गावी तरी नाचणाऱ्याचा विसर पडू नये.

माळशिरस, सांगोला, माण व आटपाडी हा सारा टापू मुळात कमी पावसाचा, माळरानाचा आणि म्हणून मेंढपाळांचा. शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव, म्हसवड व खरसुंडीचा सिद्धनाथ, आरेवाडीचा बिरोबा, हुलजंतीचा महालिंगराया ही या टापूची दैवते. त्यांच्या यात्राजत्रांतून धनगर समाजाने जो नाच जोपासला तो गजी. हत्तीच्या डौलदार चालीवरून हे नाव पडले असे सांगतात. मधोमध ढोल, सनई व झांज. भोवती रिंगण धरून पायघोळ अंगरखा व फेटा घातलेले गडी. हातांत रंगीत रुमाल. आरंभी चाल संथ असते, मग ढोलाची गती वाढत जाते आणि तिच्याबरोबर पावले बदलतात. या पावलांच्या निरनिराळ्या प्रकारांना ‘घाई’ म्हणतात. पन्नास गड्यांचे रिंगण एका ठोक्याला एकदम वळते तेव्हा पाहणाऱ्याला ते सहज वाटते. त्यामागे किती रात्रींची मेहनत आहे हे ज्याने ती करून घेतली त्यालाच ठाऊक!

गजीबरोबर गावोगावी लेझीम आली. ‘लेझीम’ हा शब्द फारसीतून आला. धनुर्विद्येचा सराव व दंडाची ताकद यांसाठी दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले जड धनुष्य वापरीत. त्यातूनच आजची लाकडी मुठीची, साखळीची व चकत्यांची लेझीम तयार झाली. तालमीतील पैलवानांचा हा व्यायाम होता. तो मिरवणुकीत आला, हलगी व ढोलाशी त्याची जोडी जमली आणि जत्रेचा खेळ झाला.

हा खेळ तालमीबाहेर काढून हजारोंच्या हाती देणारे जे सेवेकरी झाले, त्यांत बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, आणि माणिकराव त्यांचे हिंदू शिष्य. गुरूच्या मागे शिष्याने गुरूच्याच नावाने जुम्मादादा व्यायाममंदिर चालविले व सारे आयुष्य त्या आखाड्याला वाहिले. अनेकांनी एका हुकुमावर एकत्र करावयाचा संघव्यायाम त्यांनी वाढविला व त्याचे हुकूमही देशी भाषेत बसविले. विदर्भात अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. याच मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखविण्यासाठी जर्मनीला गेले. पुढे १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड भरले, तेव्हा उद्घाटनाला सांगलीकडील गड्यांची लेझीम साऱ्या आशिया खंडाने पाहिली. कृष्णाकाठच्या तालमीत धुळीत घुमलेली हलगी तेथवर पोचली, ती कोणा एका मोठ्या माणसाच्या बळावर नव्हे. गावोगावच्या वस्तादांनी तीन पिढ्या ती तेवत ठेवली म्हणून.

गावातील गजीचे किंवा लेझीमचे मंडळ चालते कसे, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. मंडळाला अध्यक्ष असतो, कधी पावतीपुस्तकही असते. परंतु मंडळ उभे असते ते एका म्होरक्यावर. सणाच्या महिनाभर आधी दिवसभराचे शेतकाम आटोपून रात्री देवळापुढे येणारा तो पहिला, आणि कंदील मालवून घरी जाणारा तो शेवटचा. ढोलाचे कातडे पावसाळ्यात सैल पडते, ते वेळच्या वेळी आवळावे लागते. हलगी शेकून घ्यावी लागते. लेझमीच्या साखळ्यांना तेलाचा हात न फिरविला तर एका पावसाळ्यात त्या गंजतात. रुमाल व झगे धुऊन, मोजून, पेटीत ठेवावे लागतात. कोणाचा पाय चुकतो, कोणाची घाई ढोलाच्या पुढे पळते, कोणता पोरगा बुजरा आहे, हे सारे त्याच्या ध्यानात असते. तो हातातील शिट्टीने बोलतो. रागावतो, पण कोणाला रिंगणाबाहेर काढीत नाही. या कामाचा मुशाहिरा नाही. मिळतो तो नारळ, आणि कधी एखादा फेटा.

या टापूत तर म्होरक्याचे काम अधिकच कठीण. पाऊसपाणी झाले की मेंढरांचे कळप गावाकडे असतात. पुढे चारा संपला की धनी कळप घेऊन दूर देशी निघतात. म्हणजे निम्मे गडी वर्षातील कित्येक महिने वाटेवर. ते परत आले की तुटलेले रिंगण पुन्हा जुळवावयाचे. निरा उजव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागाला मिळाले, ऊस आला, माळीनगर व अकलूजला साखर कारखाने उभे राहिले. सुबत्ता आली, परंतु पाण्याची पाळी रात्रीची असली तर सरावाला माणूस यावा कसा? आणि जेथे पाणी पोचले नाही तेथे १९७२ च्या दुष्काळाने माणसांना खडी फोडायला लाविले. दिवसभर हातोडा चालविलेल्या हातांत रात्री लेझीम द्यायची तर सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन लागते. ते वजन पदाने येत नाही. स्वतः खडी फोडून आलेला माणूस जेव्हा ढोल गळ्यात अडकवितो तेव्हा येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पूर्वी गावगाड्यात हलगी व वाजंत्री वाजविणे ही काही जातींची सेवा मानली जाई. ती हक्काची म्हणत, पण ती सक्तीचीही होती. वाजविणारा देवळाबाहेर उभा राही आणि त्याच्या तालावर नाचणारे आत जात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, आणि अशा सक्तीच्या सेवेचा आधार तुटला. त्यानंतर जो हलगीवाला खेळाला येतो तो आपल्या इच्छेने व कलेच्या प्रेमाने येतो. ही गोष्ट ज्या मंडळांनी ओळखली, वाजविणाऱ्याला रिंगणाच्या मध्यभागी मानाने उभे केले, पंगतीत शेजारी बसविले, त्यांचा खेळ टिकला. ज्यांनी ओळखली नाही तेथे हलगी अबोल झाली, आणि मग पैसे मोजून बाहेरून बँड आणावा लागला.

निष्काम सेवेचे फळ किती काळ टिकते याचा दाखला वेळापूरकरांना दरवर्षी घरबसल्या मिळतो. आषाढीला श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते व माळशिरसनंतर वेळापुरी मुक्कामाला येते. टाळमृदंगाच्या गजरात वारकरी पावली खेळतात, फुगड्या घालतात, भारुडे रंगतात. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. ते सोडून ते आळंदीला राहिले. अंकलीच्या शितोळे सरदारांचे साहाय्य मिळवून, दिंड्यांचा क्रम लावून त्यांनी सोहळा उभा केला. तो क्रम अद्याप चालतो. त्यांचे स्मारक म्हणजे आळंदीच्या महाद्वारातील पायरी! कळस नव्हे, तर पायरी. भक्तांनी तिच्यावरून आत जावे, यातच सेवेकऱ्याने धन्यता मानली. कार्तिकी सोहळ्याचा आरंभ त्या पायरीच्या पूजनाने होतो.

जीर्णोद्धाराच्या कामात धनगरांच्याच घरची लेक पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा आदर्श सर्वांपुढे आहे. काशी विश्वनाथापासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत त्यांनी देवळे उभी केली, त्याबरोबरच घाट, विहिरी व धर्मशाळाही बांधल्या. देवाबरोबर देवाकडे येणाऱ्या माणसाची सोय पाहिली. २०१९ पासून सोलापूर विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, ते यथार्थच होय.

त्याच दृष्टीने पाहता, देवळापुढे फरशी घालताना रिंगणाला पुरेल एवढी जागा मोकळी राहावी. ढोल, झांजा व लेझीम ठेवण्यास ओल न लागणारी एक लहानशी खोली असावी. मुले सरावाला यावीत म्हणून एक दिवा रात्री जळावा. यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. आज ध्वनिक्षेपकाच्या भिंती भाड्याने मिळतात. त्यांच्यापुढे कोणीही नाचू शकतो, म्हणूनच कोणाला शिकावे लागत नाही आणि शिकविणाराही लागत नाही. गजीचे तसे नाही. ती एका पिढीने दुसरीच्या हाती दिली नाही तर नंतर पैसे देऊनही मिळत नाही. म्हातारा म्होरक्या गेला की त्याच्या पायांतील घाई त्याच्याबरोबर जाते.

ज्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या त्यांची नावे संगमरवरी फलकावर येतील, आणि ती यावीतच. परंतु ज्यांनी आपल्या आयुष्यातील रात्री दिल्या, त्यांचाही एक फलक असावा. तो दगडाचा नसला तरी चालेल. रिंगणात नवी दहा पोरे उभी राहिली आणि ढोलाच्या पहिल्या ठोक्याला त्यांची पावले बरोबर पडली, की तो फलक लागला असे समजावे. श्रीचरणी तेवढीच प्रार्थना.