देव्हारा : एका बुजलेल्या समासाचा इतिहास

मराठी समीक्षेत व्युत्पत्ती पुष्कळदा पुराव्यासारखी मांडली जाते. शब्दाचे मूळ सापडले की त्याचा खरा अर्थ हाती आला, असे त्यामागील गृहीतक असते. ‘देव्हारा’ या घरगुती शब्दावर ते तपासून पाहण्याजोगे आहे.

देव्हारा म्हणजे घरातले टाक व मूर्ती ठेवण्याचे, बहुधा लाकडी, आसन. या शब्दात ‘देव’ ऐकू येतो. ‘घर’ मात्र ऐकू येत नाही. देवगृह, प्राकृतातील देवहर आणि मराठीतील देव्हारा अशी त्याची वाट आहे. ‘घर’मधील ‘घ’चा ‘ह’ झाला आणि समासाचे उत्तरपद बुजले. मातृगृहाचे ‘माहेर’ याच वाटेने झाले. देवकुलाचे ‘देऊळ’ होताना घराचाच वाचक असलेला ‘कुल’ही असाच विरून गेला.

अशी बुजलेली पदे उकरून काढण्याचा ध्यास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी घेतला. त्यांचे जन्मगाव पेणजवळचे वरसई. जुन्या कागदपत्रांप्रमाणेच शब्द हेही त्यांच्या लेखी इतिहासाचे साधन होते. ही दृष्टी फलदायी खरी. परंतु तिच्यातून रूपाचा इतिहास उलगडतो, वापरातील अर्थ उलगडतोच असे नाही.

उत्तरपद विसरलेल्या मराठीने त्याच दोन घटकांतून ‘देवघर’ हा समास नव्याने घडवला आणि देव्हारा त्या देवघरात नेऊन ठेवला. देवाच्या घरात देवाचे घर. तरीही बोलणाऱ्याला द्विरुक्ती जाणवत नाही. एक शब्द जागेचा झाला, दुसरा वस्तूचा. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज देवळात राहतात. दसऱ्याच्या उत्सवात त्यांची पालखी पोलिसांची मानवंदना घेऊन गावात निघते. पेणच्या कारखान्यांत घडलेला चतुर्थीचा पार्थिव गणपती देव्हाऱ्यात नव्हे, मखरात बसतो; कारण तो पाहुणा. देव्हारा नित्यपूजेच्या देवांचा. देऊळ, देवघर, देव्हारा ही तिन्ही मुळात देवाची घरेच. गावाचा देव आणि घरचा देव हा भेद त्यांच्या व्युत्पत्तीत कोठेही नाही. शेजारच्या शब्दांनी एकमेकांना घातलेल्या मर्यादांतून तो निर्माण झाला आहे.

सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत शब्दाचे ‘मूल्य’ म्हणून जे सांगितले आहे, ते हेच. म्हणून समीक्षकाने व्युत्पत्ती टाकून देण्याचे कारण नाही. तिला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. भाषेने काय विसरले हे व्युत्पत्ती सांगते. त्या विसरण्यातून भाषेला काय साधले, हे वापरातच शोधावे लागते.